एल्टनच्या पायांचं भाकीत

मित्रांनो, टेबलाच्या कोपऱ्यात मान वाकडी करून उभा असलेला हा काळा माईक म्हणजे मी. वयाने फार मोठा नाही, पण आमच्यात चार-पाच वर्षं झाली की म्हातारपणच येतं. माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यातला. भावंडांबरोबर खोक्यात बसून मी जहाजाने कतारमधल्या दोह्याला आलो आणि ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एका दुकानात काचेमागे उभा राहिलो. तिथून मला चार्ल्सने घरी आणलं.

चार्ल्स मूळचा वसईचा. इथल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये तो रक्त तपासतो. त्याची बहीण डोरोथी त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते, आणि एल्टन हा तिचा एकुलता एक मुलगा. खरं तर आम्ही माईक स्वतःचं काही बोलत नाही. दुसऱ्याचं बोलणं पुढे पोचवायचं, एवढंच आमचं काम. पण एल्टनच्या बाबतीत जे झालं ते मनात ठेवून ठेवून मी थकलो आहे.

एल्टन दोह्यातच वाढला. पंधराव्या वर्षी तो शिकायला अमेरिकेत काकाकडे गेला आणि तिथला फुटबॉल खेळू लागला. हा फुटबॉल वेगळा हं. चेंडू लांबट असतो आणि तो हाताने फेकतात. फेकणारा जो मुख्य गडी, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. समोरून रेड्यासारखी माणसं अंगावर धावून येतात, आणि तेवढ्यात चेंडू कुणाकडे टाकायचा ते ह्याने ठरवायचं. आपला एल्टन क्वार्टरबॅक झाला.

भाचा खेळतो ते आपल्याला कळावं म्हणून चार्ल्सने तो खेळ बघायला सुरुवात केली आणि बघता बघता त्याला वेडच लागलं. तिकडे दर वर्षी व्यावसायिक संघ कॉलेजच्या मुलांमधून आपले खेळाडू निवडतात. त्या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या होतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत नाव आलं तर पोराचं नशीब उघडलं, आणि आलंच नाही तर बहुतेकांचा खेळ तिथेच संपतो. कोणाचं नाव येईल हे आधीच सांगण्याचा चार्ल्सने इंटरनेटवर कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी मला विकत घेतलं.

जोडीला होता आफताब. रत्नागिरीचा, एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघणारा. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही शुक्रवारीच. त्या दिवशी चार्ल्स चर्चमधून यायचा, आफताब जुम्म्याची नमाज पढून यायचा, आणि दोघं माझ्यासमोर बसायचे. एसीची घरघर माझ्यात शिरते म्हणून एसी बंद करावा लागे. दोह्यातली दुपार आणि एसी बंद. घामाने निथळत आफताब म्हणायचा, “यल्ला चार्ल्स, लवकर आटप, नाहीतर मला उचलून न्यावं लागेल.”

चार्ल्सची बघायची रीत वेगळी होती. “हात सगळेच बघतात,” तो म्हणायचा, “मी पाय बघतो. समोरचे अंगावर आले की पोराचे पाय काय करतात, त्यात सगळं आलं.” कुणीच ज्यांना विचारत नव्हतं अशी दोन पोरं त्याने नेमकी हेरली आणि ती खरोखरच निवडली गेली. मग काय, थेट अमेरिकेतून लोक ऐकू लागले. माझ्या आवाजाचंही कौतुक व्हायचं. मी तर फुगूनच गेलो होतो.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. कार्यक्रम इंग्रजीत चाले. माझा लाल दिवा विझला की दोघं मराठीत यायचे आणि मग मनातलं बोलायचे. दिवा विझला तरी माझे कान उघडेच असत. माझं दुखणं ते हेच.

एल्टनचं कॉलेजचं तिसरं वर्ष उजाडलं. त्या वर्षानंतर मुलगा ड्राफ्टसाठी नाव देऊ शकतो, नाहीतर आणखी एक वर्ष कॉलेजात खेळू शकतो. जानेवारीत ठरवायचं होतं. ऐकणारे विचारू लागले, तुमच्या भाच्याचं काय? काही जण टोमणेही मारू लागले, मामा आता भाच्याला डोक्यावर घेणार.

त्यात डोरोथी एक दिवस खाली येऊन म्हणाली, “दादा, तुझ्या तोंडून त्याचं कौतुक नको हं. नजर लागते.” त्यांच्या घरात ही जुनीच रीत. आपल्या पोराला कुणी हुशार म्हटलं की लगेच म्हणायचं, कसला हुशार, नुसता धडपड्या. सगळ्यांना ठाऊक असतं की हे वरवरचं.

त्या शुक्रवारी चार्ल्सने घसा साफ केला आणि माझ्यात सांगितलं, “एल्टन अजून तयार नाही. पाय कच्चे आहेत. यंदा नाव दिलं तर त्याला कुणी घेणार नाही. त्याने आणखी एक वर्ष थांबावं.”

मी ते जसंच्या तसं पुढे पाठवलं. दिवा विझला. आफताब त्याच्याकडे बघतच राहिला.

“खरं सांग,” तो म्हणाला, “कितव्या फेरीत जाईल?”

“तिसऱ्या,” चार्ल्स हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “कदाचित दुसऱ्यासुद्धा. असे पाय मी कुणाचेच बघितले नाहीत रे.”

“मग ते का नाही बोललास?”

“आपल्या पोराला आपणच कसं चढवायचं? लोक काय म्हणतील?”

“लोक ऐकतील नि विसरतील. तो ऐकेल त्याचं काय?”

“तो ओळखतो मला,” चार्ल्स म्हणाला.

मित्रांनो, मी तिथेच उभा होतो. खोटं माझ्यातून सातासमुद्रापार गेलं आणि खरं त्या उकाड्याच्या खोलीत राहिलं. तेव्हापासून मला माझ्या चांगल्या आवाजाची लाज वाटते.

ख्रिसमसला एल्टन घरी आला. डोरोथी न्योऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, बशी घेऊन खाली आली होती. माझ्याशेजारी बसून त्याने सरळ विचारलं, “मामा, तू शोमध्ये बोललास, डू यू रिअली मीन इट?”

एक शब्द पुरला असता. मी मनात म्हणत होतो, बोल बाबा, आता तरी बोल. चार्ल्सने डोरोथीकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच नको म्हटलं. चार्ल्स कसंनुसं हसला. “कच्चा आहेस रे अजून. घाई कशाला?”

“ओके मामा,” एल्टन म्हणाला. “यू नो फीट. पाय तुलाच कळतात.”

त्याला मराठी कळत होती. मराठीमागची ही रीत मात्र त्याला कुणी शिकवलीच नव्हती. त्याने नाव दिलं नाही.

पुढच्या वर्षी त्याच्या कॉलेजला नवा प्रशिक्षक आला. तो आपला क्वार्टरबॅक बरोबर घेऊनच आला. एल्टन जवळजवळ पूर्ण मोसम बाकावर बसून राहिला. ड्राफ्ट झाला. सातही फेऱ्या संपल्या, त्याचं नाव आलं नाही. तो दोह्याला परतला आणि मुशैरिब भागातल्या एका ऑफिसात नोकरीला लागला. चार्ल्सने कार्यक्रम बंद केला. मला कपाटात जुन्या चादरींमागे टाकलं. माझ्यावर धूळ बसली आणि तारेला पीळ पडला. तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

मागच्या शुक्रवारी कपाट उघडलं. एल्टनला ऑफिसच्या मीटिंगसाठी माईक हवा होता. त्याने मला फडक्याने पुसलं, टेबलावर ठेवलं, वायर जोडली. दिवा लागला. मला बघून चार्ल्सचा चेहरा उतरला. डोरोथीही तिथेच होती.

“एल्टन,” चार्ल्स म्हणाला, “तुझे पाय कच्चे नव्हते. तू तिसऱ्या फेरीत गेला असतास. मला तेव्हाच माहीत होतं. मी खोटं बोललो.”

डोरोथी म्हणाली, “दादा, मी कौतुक करू नको म्हटलं होतं. खोटं सांग असं नव्हतं म्हटलं.” आणि मग तीच रडू लागली, कारण डोळ्यांनी नको म्हणणारी तीच होती.

एल्टन बराच वेळ माझी वायर सरळ करत राहिला. मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, “आफताब अंकल बोलला होता मला. त्याच ख्रिसमसला. बोलला, मामा तुला थर्ड राउंड समजतो. मी बोललो, नाही अंकल. मामा माझ्याशी कशाला खोटं बोलेल?”

 

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना नीट ठेवा, वायर गुंडाळून ठेवा, धूळ पुसत जा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी विनंती आहे. तुमच्या घरात कुणी काही चांगलं करत असेल आणि त्याने एक दिवस तुमच्याजवळ बसून विचारलं, की मला जमेल का, तर त्या वेळी खरं बोला. तो तुम्हाला विचारतो, कारण जगात सगळ्यात आधी तुमच्यावरच त्याचा विश्वास बसतो.