काडीलाही हात लावू देत नाही

मिस्त्रीनं पहिल्यांदा भाजी चिरली ती वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आणि गाजरांचे ते तुकडे पाहून कुणालाही वाटलं असतं की याने पाइपच कापलेत. बायको पलंगावरून ओरडली, "अहो, केवढे मोठे ते! शिजायचे कधी?" मिस्त्री म्हणाला, "तू पडून राहा." हल्ली त्याच्या तोंडी हे एकच वाक्य होतं. तिनं पाणी मागितलं, तरी पाणी देता देता तो हेच म्हणायचा.

आयुष्यभर सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत आले. आधी कामावरचे, मग गल्लीतले, शेवटी जावईसुद्धा. वीज बनवण्याच्या कारखान्यात बॉयलरच्या तापलेल्या नळ्यांवर लेप चढवायचं त्याचं काम. तो लेप त्या काळी अ‍ॅस्बेस्टॉसचा असायचा. पोतं फोडायचं, भुकटी पाण्यात कालवायची आणि हातानं थापायची. संध्याकाळी मिस्त्री घरी यायचा तो भुवयांपासून बुटांपर्यंत पांढरा होऊन. गल्लीतली पोरं त्याला भूत म्हणायची आणि याला त्याचा कोण अभिमान! कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गड्याला साधा खोकला नाही. छाती अजून खणखणीत. आजार झाला तो बायकोला, जिनं त्या कारखान्याचं फाटकसुद्धा कधी ओलांडलं नव्हतं. ती घरी बसून लोकांचे कपडे उसवून-टाचून द्यायची, एवढाच तिचा धंदा.

दम लागतो म्हणून तपासणी झाली. छातीतून पाणी काढलं, तुकडा काढून तपासला आणि कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी निदान सांगितलं. कॅन्सर फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा होता, आणि तो बहुतेक वेळा एकाच गोष्टीनं होतो.

"घरात कुणी अ‍ॅस्बेस्टॉसचं काम केलंय?"

"मी," मिस्त्री म्हणाला.

"कामाचे कपडे घरी यायचे?"

उत्तर बायकोनंच दिलं. "यायचे की. मीच झटकायचे मागच्या दारात, मग बादलीत टाकायचे. पाणी अगदी दुधासारखं व्हायचं."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. बाहेर पडल्यावर, दवाखान्याच्या फाटकाशी, बायकोनं मिस्त्रीच्या बाहीला हात लावला आणि म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला तरी बिचाऱ्यांना काय ठाऊक होतं!"

मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण त्याला ठाऊक होतं.

मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमाराची गोष्ट. कारखान्यानं कामगारांसाठी आंघोळीची खोली बांधली, प्रत्येकाला कपाट दिलं आणि भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं : कामाचे कपडे इथेच काढा, घरी नेऊ नका. एका साहेबांनी सगळ्यांना उभं करून समजावलंही की ही धूळ बायकापोरांच्या छातीत जाते. त्यावर मिस्त्री मोठ्यानं म्हणाला होता, "साहेब, आमची लॉन्ड्री घरीच आहे, बिनपगारी!" सगळे खो खो हसले. साहेबही हसले. आंघोळीच्या खोलीपाशी रांग असायची, पाणी गार असायचं आणि मिस्त्रीला घरी जायची घाई असायची. पुढची कित्येक वर्षं तो तसाच पांढराफटक घरी येत राहिला. बंदी येऊन ती भुकटी बंद झाली तेव्हा कुठे थांबला.

हे त्यानं बायकोला कधी सांगितलं नव्हतं. आता तर सांगायची सोयच उरली नव्हती, कारण तिनं त्याला परस्पर माफ करून टाकलं होतं आणि तेही चुकीच्या गुन्ह्यासाठी.

मग त्यानं दुसराच मार्ग धरला. आयुष्यात कधी स्वतःच्या हातानं पाणी न घेतलेला हा माणूस सकाळी उठून केर काढू लागला, भांडी घासू लागला, बायकोला हातानं भरवू लागला. ती उठली की हा धावला. बाथरूमपर्यंत धरून नेणार, दाराबाहेर पहारा देणार, पुन्हा आणून निजवणार. तिच्या शिवणयंत्रावर त्यानं चादर घातली आणि गिऱ्हाइकांना दारातूनच परत पाठवलं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही तर कमालच केलीत." कौतुक ऐकून त्याला फोन भिरकावून द्यावासा वाटला. पण दुसऱ्या दिवशी तो आणखी लवकर उठला.

बायको आधी हसली, मग कुरकुरली, मग गप्प झाली. दिवसभर छताकडे पाहत पडायचं, तर भूक लागणार कशी? तिचं वजन उतरलं, पाय काटक्यांसारखे झाले. मिस्त्रीला वाटलं, आजार वाढतोय. म्हणून त्यानं जपणूक आणखी वाढवली.

पुढच्या भेटीला डॉक्टरांनी बोटांवर मोजत सांगितलं, "हा आजार वाईटच, खोटं कशाला बोलू? पण सगळ्यांना सारखा नसतो. यात पेशींच्या जाती असतात, तुमची त्यातल्या त्यात बरी जात आहे. रोग एकाच बाजूला आहे. वय अजून फार नाही. बायका यात पुरुषांपेक्षा जास्त तग धरतात, असं दिसून आलंय. रक्तही ठीक आहे. औषधं दिली तर वेळ वाढून मिळू शकतो, बऱ्यापैकी चांगला वेळ." मग त्यांनी विचारलं, "दिवसभर काय काय करता?"

बायकोनं तोंड उघडायच्या आत मिस्त्री पुढे सरसावला. "काडीलाही हात लावू देत नाही मी! भरवतो, केस विंचरतो, बाथरूमलासुद्धा धरून नेतो."

"म्हणजे बराचसा दिवस अंथरुणातच?"

"जवळजवळ सगळाच," मिस्त्री म्हणाला. पोराचे मार्क सांगावेत तसा त्याचा स्वर होता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जरा उठून दारापर्यंत चालून दाखवा."

ती उठली. मिस्त्री झेपावला. "धरू नका," डॉक्टर म्हणाल्या. ती चार पावलं चालली आणि मधल्याच खुर्चीवर मटकन बसली.

"हे बघा," डॉक्टर बोलल्या, त्या मिस्त्रीशीच, "औषधं जड आहेत. जो माणूस दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ पडून असतो, त्याला ती झेपत नाहीत, उलट नुकसान करतात. किती जगणार, हे जसं पेशींवर असतं तसं माणूस स्वतःच्या पायावर किती आहे, यावरही असतं. यांच्या बाबतीत एवढ्या गोष्टी बाजूनं आहेत, हीच एक आडवी येतेय. हा अशक्तपणा रोगाचा आहे की निजून निजून आलाय, हे मला कळायला हवं. महिनाभरानं बघू. तोवर पायावर आल्या तर सुरू करू. नाहीतर नुसता त्रास कमी ठेवायचा, एवढंच आपल्या हाती राहील."

परत येताना बायको टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर बघत होती. मिस्त्री स्वतःच्या हातांकडे बघत होता. लग्न झाल्यापासून बायकोला मारायचं काम या हातांनी कसं चोख केलं होतं, एकदा धुळीनं आणि आता सेवेनं! त्याला इतकी लाज वाटली की त्यानं ते हात मांड्यांखाली दडवले.

घरी आल्यावर ती पलंगावर बसली, आडवी झाली नाही. "अहो, खरं सांगा," ती म्हणाली. "जन्मात चहाचा कप विसळला नाहीत, आणि आता हे काय चाललंय? मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं ना, तुमचा काही दोष नाही म्हणून?"

"दोष आहे," मिस्त्री म्हणाला.

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. आंघोळीची खोली, कपाट, लाल अक्षरं, साहेब. विनोदापाशी तो अडखळला. तो गाळता आला असता. पण तिचे डोळे त्याच्यावर होते.

"साहेबांनी बायकापोरांचं नाव काढलं, तेव्हा मी म्हटलं, आमची लॉन्ड्री घरीच आहे. बिनपगारी."

"मग?"

"मग सगळे हसले."

तिनं मागच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "आपली पोर तेव्हा धावत येऊन तुमच्या पायांना मिठी मारायची. तशाच कपड्यांना."

मिस्त्रीला पोरीचं हे सुचलंच नव्हतं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"आणि वर मला या पलंगावर घातलंत," ती म्हणाली. तिला धाप लागत होती, तरी थांबेना. "लाज तुम्हाला वाटत होती ना? मग तुम्ही पडून राहायचं होतंत! मला कशाला निजवलंत? माझे पाय कशाला घेतलेत? वाटलं होतं, म्हातारपणी माणूस सुधारला. मी शेजारणीला कौतुकानं सांगत होते हो!"

मिस्त्रीनं सवयीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. "ठेवा तो खाली," ती म्हणाली. भिंतीचा आधार घेत, धापा टाकत, ती स्वतः स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि स्वतःच्या हातानं नळाचं पाणी प्याली.

त्या दिवसापासून तिनं त्याच्या हातचं काही म्हणजे काही घेतलं नाही. चहा करायचा तर स्वतः करायची, मध्ये दोनदा स्टुलावर बसून. शिवणयंत्रावरची चादर तिनं ओढून काढली आणि गिऱ्हाइकांना निरोप धाडले. सुरुवातीला एक गुंडी लावून दमायची, मग एक बाही झाली, मग एक अख्खा शर्ट. गल्लीच्या टोकापर्यंत चालायला जायची, तेव्हा मिस्त्री अंतर ठेवून मागून जायचा. तिनं मागे वळून पाहिलं की तो दुकानाच्या पाट्या वाचू लागायचा. रागानं काम करणाऱ्या माणसाला भूकही सपाटून लागते. ती जेवू लागली. त्याच्याशी बोलायची ते कामापुरतं, भिंतीशी बोलावं तसं. मिस्त्रीला ते लागायचं. पण ती दाराबाहेर पडली की तो आधी खिडकीला नाक लावून, जीव मुठीत धरून तिची पावलं पाहायचा आणि मगच मागून निघायचा.

महिन्यानं ती डॉक्टरांच्या खोलीत स्वतः चालत गेली. वजन थोडं वाढलं होतं. डॉक्टरांनी तिला जिन्याच्या काही पायऱ्याही चढायला लावल्या. दम लागला, पण ती चढली.

"छान! पुढच्या आठवड्यात सुरू करू," डॉक्टर म्हणाल्या. "बरा होणारा आजार नाही, हे लक्षात असू दे. पण आता लढायला काहीतरी आहे आपल्याकडे." त्या मिस्त्रीकडे वळल्या. "मेहनत घेतलीत हं तुम्ही."

मिस्त्रीची मान खाली गेली.

"यांनी काही केलं नाही," बायको म्हणाली. "मला यांचा राग आला होता, त्यावर उठले."

डॉक्टर खळखळून हसल्या. त्यांना वाटलं, जुन्या जोडप्याची थट्टा आहे. मिस्त्रीनंही हसल्यासारखं केलं, कारण डॉक्टर हसत असताना आपण न हसणं बरं दिसलं नसतं.

तपासणीसाठी रक्त द्यायचं होतं म्हणून दोघं बाहेर बाकावर बसली. मधे तिची पिशवी होती. पुष्कळ वेळ खाकरून झाल्यावर त्यानं विचारलं, "अजून रागावलीयेस?"

"हो."

"जाईल का कधी?"

"इतक्यात जायला नको," ती म्हणाली. तिनं हे भांडणाच्या सुरात म्हटलं नव्हतं, दुधाचा हिशोब करावा तसं म्हटलं होतं. "सकाळी डोळे उघडले की पडून राहावंसं वाटतं हो. छातीवर दगड असतो. मग ते तुमचं लॉन्ड्रीचं आठवतं आणि मी उठते. औषधं सुरू झाली की आणखी जड जाईल. राग पुरवून वापरायला हवा."

मिस्त्रीला वाटलं, सगळ्यांसमोर त्या फरशीवर डोकं टेकावं. पण तिला त्याचा काय उपयोग होता? माफी मागून तिचा राग गेला असता, तर तीही चोरीच झाली असती. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला हवं ते विचारलं.

"पुरेल ना पण?"

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"तुम्ही केलंय ते बघता," ती म्हणाली, "पुरायला हरकत नाही."