मागच्या बाकाची कोरी चौकट

बावीस वर्षं शिकवतेय, त्यामुळे मला कुणी शिकवायला आलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. आमच्या भागातल्या अकरा सरकारी शाळांनी एकमेकींना हात द्यायचं ठरवलं. एका शाळेच्या बाईंनी दुसऱ्या शाळेतल्या बाईंच्या वर्गात मागे बसायचं आणि दिसेल ते सांगायचं. माझ्या वाट्याला आली माझीच मोठी नणंद. म्हटलं, घरचीच आहे, चुका पोटात घालेल.

ताईंनी कागदावर बाकांचा नकाशा काढला. मी ज्याला प्रश्न विचारीन त्याच्या चौकटीत एक रेघ. तीन दिवसांनी कागद माझ्यापुढे ठेवला. पुढच्या बाकांवर रेघांची गर्दी होती आणि शेवटच्या बाकावरच्या मुक्या मैनेची चौकट कोरी. हे नाव तिला मीच ठेवलेलं, लाडानं.

"ती बोलतच नाही," मी म्हणाले. "पेपरात नुसती उत्तरं लिहिते, रीत नाही. शेजारणीचं बघत असणार. याच वर्गात आणखी एक वर्ष ठेवा, असा अर्ज दिलाय मी."

"तिला विचारलंस कधी?"

"हात कुठे वर करते?"

"माझ्या भावानं तरी कधी केला? तरी केलंसच ना लग्न त्याच्याशी." मग हसू आवरून म्हणाल्या, "वहिनी, उद्या तिचं नाव घे आणि मनात वीसपर्यंत मोज. मध्ये बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी मैनेला विचारलं, "एका खोक्यात पंचवीस खडू. अठरा खोक्यांत किती?"

मोजायला लागले. अकराला माझी जीभ वळवळू लागली. सतराला ती उठली.

"चारशे पन्नास."

"कसं गं?"

"चार खोक्यांचे शंभर. सोळांचे चारशे. दोन उरली, त्यांचे पन्नास."

मी शिकवलेली रीत ही नव्हतीच. मग पेपरात रीत म्हणून ती लिहिणार तरी काय? मला माझीच लाज वाटली, आणि त्या पोरीबद्दल इतकी माया दाटून आली की फळ्याकडे तोंड फिरवावं लागलं.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांकडून अर्ज मागे घ्यायला गेले. कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'मुलगी हुशार आहे. मी तिला वर्षभर एकही प्रश्न विचारला नाही.'

त्यांनी वाचून चष्मा काढला. "बाई, हा कागद वरच्या ऑफिसात जाईल."

"जाऊ द्या," मी म्हणाले. "तिचं वर्ष जाण्यापेक्षा माझं नाव गेलेलं बरं."