खूप खूप अनुमोदना

मुलीच्या हातातला मोबाइल सुटावा म्हणून रिखबचंदांनी वर्षभरात बरंच काही करून पाहिलं होतं. गोडीनं सांगितलं, रागावून सांगितलं, घरातल्या वायफायचा पासवर्ड बदलला आणि तो स्वतःच विसरल्यामुळे शेवटी चेलनाकडूनच दुरुस्त करून घेतला.

चेलना त्यांची एकुलती एक मुलगी. वय एकोणीस. गेल्या वर्षी ती पुण्याला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला गेली, दिवाळीला जळगावला घरी आली आणि परत गेलीच नाही. भांड्यांच्या दुकानात कोणी विचारलं तर रिखबचंद सांगत, "हॉस्टेलचं पाणी मानवलं नाही." खरं कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. विचारलं की ती म्हणे, "काही नाही, पप्पा," आणि मोबाइलकडे बघे. त्यावरून त्यांनी निदान करून टाकलं: मोबाइलच.

तिचं बघणंही विचित्र होतं. इतर पोरं मोबाइल बघताना हसतात, गाणी गुणगुणतात. ही मात्र दूध उतू जाईल म्हणून पातेल्याकडे बघावं तशी बघायची. जेवताना, केस विंचरताना, देवापुढं बसल्यावरसुद्धा.

"तिला एखाद्या डॉक्टरला दाखवू या," प्रेमकुंवर म्हणायच्या. आईच त्या, त्यांना रात्रंदिवस तोच घोर.

"मोबाइलचा डॉक्टर असतो का कुठं?" रिखबचंद विचारायचे आणि विषय मिटायचा.

जैनांचं आठ दिवसांचं पर्युषण जवळ आलं आणि समाजाच्या मंडळानं एक नवीच तपस्या जाहीर केली. ज्यांना अन्नाचा उपवास झेपत नाही त्यांनी आठ दिवस मोबाइलचा उपवास करावा. मोबाइल कापडी पिशवीत घालून स्थानकातल्या, म्हणजे समाजाच्या प्रार्थनास्थळातल्या, कपाटात ठेवायचा, संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी परत न्यायचा. मंडळाचे अध्यक्ष रतिलालजी यांची ही कल्पना. रतिलालजींना कल्पना फार सुचत आणि सुचली की त्या आधी सगळ्या ग्रुपवर पाठवल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नसे.

रिखबचंदांनी चेलनाचं नाव तिला न विचारता देऊन टाकलं. संध्याकाळी सांगितलं तेव्हा घरात वादळ होईल या तयारीनं ते बसले होते. चेलना म्हणाली, "चालेल."

पहिल्या दिवशी स्थानकात तिनं मोबाइल स्वतः बंद केला, पिशवीत टाकला आणि पिशवीची नाडी स्वतःच ओढली. रतिलालजींचा मुलगा जिनेश मंडळाचं फेसबुक आणि इन्स्टाग्राम सांभाळायचा. तेवीस वर्षांचा, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यानं त्या क्षणाचा फोटो काढला.

"रिखबचंदजी, फोटोखाली तुम्ही दोन शब्द लिहा," रतिलालजी म्हणाले. "बापाचे शब्द असले की वजन येतं. आणि जरा दुःख येऊ द्या त्यात, नाहीतर लोक पुढं सरकतात."

रिखबचंद दुकानात गल्ल्यामागे बसून तासभर लिहीत होते. तीन वेळा खोडलं. शेवटी मजकूर असा झाला: 'माझी सुकन्या चेलना मोबाइलच्या व्यसनापायी शिक्षण सोडून नैराश्याच्या गर्तेत सापडली होती. आज तिने मोबाइलचा त्याग केला आहे. एका पित्याचे डोळे पाणावले आहेत. आशीर्वाद असावेत.' 'गर्तेत' हा शब्द त्यांना विशेष आवडला. डोळे काही पाणावले नव्हते, पण लिहून झाल्यावर खरंच पाणावले.

दुपारपर्यंत चारशे लोकांनी आशीर्वाद दिले. दुसऱ्याच्या तपस्येला मनापासून दाद द्यायची ती अनुमोदना, आणि ती देण्यात आपला समाज कंजुषी करत नाही. 'खूप खूप अनुमोदना' भुसावळहून आल्या, वरणगावहून आल्या, सुरतेहून आल्या. चेन्नईच्या कोण्या बाईंनी लिहिलं, 'असे वडील सर्वांना मिळोत.' ते वाक्य रिखबचंदांनी इतक्या वेळा वाचलं की गिऱ्हाईक दोनदा हाका मारून निघून गेलं.

तोवर रिखबचंदांचा मोबाइल भाव विचारण्यापुरता आणि नातेवाइकांच्या वाढदिवसापुरता होता. आता तो दर पाच मिनिटांनी हातात येऊ लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी पोस्ट टाकली, तिसऱ्या दिवशी तिसरी. चेलना गच्चीवर कपडे वाळत घालत असताना पाठीमागून हळूच फोटो काढला आणि लिहिलं, 'दिवस तिसरा. चेहऱ्यावर तेज दिसू लागले आहे.' फोटोत फक्त पाठ आणि वेणी होती, पण अनुमोदना सातशेवर गेल्या.

आणि चेलनाचं म्हणाल तर तिला खरोखरच बरं वाटू लागलं होतं. पहिले दोन दिवस कठीण गेले. हात आपोआप उशीकडे जायचा, रिकामा परत यायचा. तिसऱ्या दिवशी ती दहा तास झोपली. चौथ्या दिवशी दोन फुलके जास्त खाल्ले आणि म्हणाली, "पप्पा, मी येऊ दुकानात?"

दुकानात ती स्टीलचे डबे दाखवत होती तेव्हा भिकुबाई आल्या. पारोळ्याकडच्या एका खेड्यातल्या, जुनं गिऱ्हाईक. डबा राहिला बाजूला, त्या चेलनाकडेच बघत बसल्या.

"शेट, हाई तुमनीच पोर शे ना? मना नातूनी मोबाईलमा दखाडी. बठ्ठा गावनी दखी." मग चेलनाच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "आते बरी शे ना, माय?"

चेलनाच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. "मोबाइलमध्ये? सगळ्या गावानं? कशात, पप्पा?"

"मंडळाचा फोटो असतो ना ग्रुपवर, तो," रिखबचंद घाईघाईनं म्हणाले.

"फक्त ग्रुपवर ना?"

"फक्त ग्रुपवर."

पर्युषणात खोटं बोललो हे त्यांना टोचलं. पण भिकुबाईंच्या नातवापर्यंत आपण पोहोचलो, हे त्याहून जास्त सुखावून गेलं.

पाचव्या दिवशी अनुमोदनांच्या गर्दीत एक वेगळीच प्रतिक्रिया आली. लिहिणाऱ्याला स्वतःचं नाव नव्हतं, फोटोच्या जागी गॉगल घातलेलं मांजर होतं. 'हीच ना ती पुण्याची बफरिंग?' खाली एक दुवा. रिखबचंदांना वाटलं, बफरिंग म्हणजे एखादा पुरस्कार असेल. त्यांनी दुव्यावर बोट ठेवलं.

वर्ग होता. फळ्यापुढं चेलना उभी होती, मागच्या पडद्यावर काहीतरी आकृती. ती इंग्रजीत बोलत होती, चांगली बोलत होती, आणि एका वाक्याच्या मधोमध थांबली. ओठ उघडे, पण शब्द येईना. कोणीतरी तिच्या चेहऱ्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र चिकटवलं होतं, नेट गेल्यावर येतं तसं. मागून हसण्याचे आवाज. चाळीस सेकंद ती तशीच उभी होती. चाळीस सेकंद फार असतात, हे रिखबचंदांना त्या दिवशी कळलं. खाली लिहिलं होतं की हे दीड लाख लोकांनी पाहिलं आहे.

मग त्यांना दुसरी गोष्ट कळली आणि ते गल्ल्यामागच्या स्टुलावर बसूनच राहिले. पोरगी वर्षभर मोबाइलमध्ये रमली नव्हती. ती राखण करत होती. हे आपल्या गावात, आपल्या माणसांत येतंय का, म्हणून बघत होती. वर्षभरात ते जळगावात आलं नव्हतं. ते आणायचं काम बापानं पाच दिवसांत केलं होतं.

ते तसेच रतिलालजींकडे गेले.

"पोस्ट काढा," ते म्हणाले.

"काढा?" रतिलालजींनी चष्मा वर केला. "अहो, मंडळाच्या इतिहासात एवढी गाजलेली पोस्ट नाही. नाशिकवाले आपली योजना उचलताहेत. एखादा टवाळ काही लिहितो, त्याला उडवून टाकू. जिनेश, उडव रे त्याला."

जिनेशनं मांजर उडवलं. मग वर न बघता म्हणाला, "काका, आपली पोस्ट मी काढू शकतो. पण दोनशे लोकांनी ती पुढं पाठवलीय. ती नाही काढता येणार."

"मग काय करायचं?"

"काही नाही करता येत," जिनेश म्हणाला. "बघत राहायचं फक्त."

पुढचे तीन दिवस रिखबचंद बघत राहिले. दुकानात पातेल्यांच्या चळतीआड, स्नानाला गेल्यावर नळ सोडून, प्रवचनात उपरण्याखाली. एक मांजर उडवलं की दुसरीकडे कुत्रं उगवायचं. कोणी लिहिलं, प्रेमभंग असणार. कोणी लिहिलं, अशा मुलींची लग्नं कशी व्हायची. जेवण जाईना. प्रेमकुंवरांनी विचारलं, "काय झालंय तुम्हाला?" तर म्हणाले, "काही नाही," आणि मोबाइलकडे बघितलं.

चेलना समोरच बसून वरण-भात जेवत होती. "पप्पा, तुम्हीही ठेवायला हवा होता मोबाइल कपाटात," ती म्हणाली. "खूप हलकं वाटतं."

पर्युषणाचा शेवटचा दिवस आला, संवत्सरी. त्या दिवशी सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची असते. रिखबचंदांनीही दरवर्षीप्रमाणे हात जोडलेलं एक चित्र यादीतल्या सगळ्यांना एकदम पाठवलं: 'वर्षभरात मन, वचन, कायेने आपणांस दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.' यादीत चेलनाही होती.

दुसऱ्या दिवशी स्थानकात समारंभ झाला. मोबाइल सोडणाऱ्या एकतीस जणांचा सत्कार, आणि एका दानशूर गृहस्थांकडून प्रत्येकाला ब्लूटूथ इअरफोन. 'मी मोबाइल सोडला' असं लिहिलेली थर्माकोलची चौकट उभी केली होती, तिच्यात तोंड घालून सेल्फी घ्यायचा. रांग लागली होती. चेलना रांगेत गेली नाही. तिनं पिशवी घेतली, घरी आली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

दोन तास दार उघडलं नाही. रिखबचंद बाहेर दिवाणावर बसून होते. तीनदा उठले, तीनदा बसले.

चेलना बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. आवाज मात्र शांत होता.

"गर्तेत म्हणजे काय, पप्पा?"

रिखबचंदांनी हातातला मोबाइल उलटा करून दिवाणावर ठेवला.

"ती क्लिप तुम्ही बघितली?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण. पुष्कळ वेळा."

"मग? काय वाटलं?"

रिखबचंद म्हणाले, "वाटलं, त्या वर्गात एवढी माणसं होती, कोणीतरी उठून तुला पाणी द्यायला हवं होतं."

चेलना खाली बसली. थोडं रडली, पण दारामागे रडली तसं नाही. मग डोळे पुसत म्हणाली, "तुमचं मिच्छामि दुक्कडम् आलंय मला. चित्रावर एका टाइल्सवाल्याची जाहिरात आहे."

"ते सगळ्यांना गेलं," रिखबचंद म्हणाले. मग दिवाणावरून उठून तिच्याशेजारी फरशीवर बसले. "मी चुकलो, बेटा. हे तुला एकटीला."

ती उठून गेली नाही. जरा वेळानं म्हणाली, "वर्षभर मी याच दिवसाला घाबरत होते. आणि ते झालं त्या दिवशी मी दुकानात डबे विकत होते. मला कळलंही नाही." ती हसली, मग हसणं मध्येच थांबलं. "पण आता कळलंय ना. आता पुन्हा बघत बसणार मी. मला डॉक्टरकडे जायचंय, पप्पा. मम्मीनं नंबर काढून ठेवलाय, दिवाळीपासून."

"जाऊ," रिखबचंद म्हणाले. "पण जळगावात नको. धुळ्याला जाऊ. लोक बघतात."

"आता कोण बघायचं राहिलंय?"

तरीही बुधवारी ते धुळ्यालाच गेले. एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला दातांचा दवाखाना आणि उजव्या हाताला मानसोपचाराच्या बाईंचा. रिखबचंदांनी जिन्यात मागे-पुढे बघितलं, चेलनाला आधी आत पाठवलं आणि मग स्वतः शिरले. समोरच्या बाकावर रतिलालजी बसले होते. शेजारी जिनेश.

रतिलालजींनी गालावर हात ठेवला.

"दाढ," रतिलालजी म्हणाले.

"माझीही," रिखबचंद म्हणाले.

"खालची का वरची?"

"वरची."

"वरची वाईट," रतिलालजी म्हणाले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

जिनेश उठून चेलनाच्या शेजारच्या खुर्चीवर आला. "तुझा फोटो मी टाकला होता," तो म्हणाला. "सॉरी. टाकताना बरं वाटत नव्हतं."

"मग टाकला का?"

"मी नाही टाकलं की बाबा स्वतः टाकतात. मग दिवसभर विचारतात, किती झाले, किती झाले. आता मोबाइल वाजला तरी माझ्या छातीत धडधडतं. मंडळाचे अकरा ग्रुप आहेत." त्यानं आवाज खाली आणला. "परवा सेल्फीची चौकट मीच बनवली. बनवून झाल्यावर तिच्यामागे बसून राहिलो होतो अर्धा तास. कोणाला कळलं नाही."

"मला पहिले दोन दिवस फार त्रास झाला," चेलना म्हणाली. "तिसऱ्या दिवशी झोप लागली. तू ठेवून बघ कपाटात."

"कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते," जिनेश म्हणाला, आणि दोघांनाही हसू आलं.

तेवढ्यात नोंदणीच्या टेबलामागच्या बाई वर न बघता म्हणाल्या, "दाताचे पेशंट समोरच्या दारात. इथं बसू नका." बाकावरून कोणी हललं नाही. त्यांनी वहीत बघून जिनेशचं नाव घेतलं. जिनेश उठला. रतिलालजीही उठले, रिखबचंदांकडे न बघता म्हणाले, "तो एकटा घाबरतो," आणि मुलाच्या मागे दारापर्यंत गेले. आतून डॉक्टरबाईंचा आवाज आला, "तुम्ही बाहेर थांबा." ते परत येऊन बसले. आता दाढेविषयी कोणी बोललं नाही. रिखबचंदांनी पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली, रतिलालजींनी ती घेतली.

चेलना आत गेली ती पाऊण तासानं बाहेर आली. हातात एक चिठ्ठी होती, त्यावर गोळ्यांचं एक नाव आणि पुढच्या बुधवारची वेळ. चेहऱ्यावर तेज वगैरे काही नव्हतं. दमलेली दिसत होती.

परतताना पारोळ्याला ते चहाला थांबले. टपरीवाल्यानं चेलनाकडे दोनदा निरखून बघितलं, काहीतरी आठवल्यासारखं. रिखबचंदांची मान ताठ झाली. चेलनानंही ते पाहिलं. पण चहा तिनं संपवला.

"पुढच्या बुधवारी मी बसनं येईन," ती म्हणाली. "एकटी."

"एकटी?"

"हो. तुम्ही दुकान बघा."

ती गाडीकडे गेली. रिखबचंदांना वाटलं, हे कोणाला तरी सांगायला हवं, आत्ताच्या आत्ता. खिशातून मोबाइल काढला. एकशे बारा नव्या प्रतिक्रिया होत्या. त्या न उघडता त्यांनी प्रेमकुंवरांना फोन लावला.

"काय म्हणाल्या डॉक्टर?" प्रेमकुंवरांनी विचारलं.

"ते तीच सांगेल घरी आल्यावर," रिखबचंद म्हणाले. "तिला सांगावंसं वाटलं तर."