पाटावर बसायच्या आधी

"हात मागं घेऊ नगंस गं. नख बघतीया, खाती न्हाई," असं म्हणत बयाबाईनं नंदाचा अंगठा पुन्हा उजेडाकडं ओढला.

दिवाळीत भात कांडताना नंदाचा हात उखळाच्या काठावर राहिला आणि वरून मुसळ आलं. नख काळंनिळं पडलं ते पडलंच. आता चैत लागला होता आणि अक्षय तृतीयेला तिचं लग्न होतं.

बयाबाई भुशी गावची न्हावीण. तिचा नवरा कोंडाजी गड्यांच्या दाढ्या करायचा, ही बायकांची नखं काढायची. गावातून जी पोर सासरी गेली, तिची नखं बयाबाईच्या नराणीच्या पात्याखालूनच गेली. बोट हातात द्या, डोळे मिटून कुणाचं ते सांगायची.

नंदानं हळूच पदरातनं एक इवलीशी बाटली काढली. नवरा मुलगा लोणावळ्याला रेल्वेच्या शेडात कामाला. त्याची बहीण एका बंगल्यात आया होती, तिथल्या मडमेनं दिलेली बाटली तिनं भावजयीला धाडली होती. आत लालभडक रंग.

बयाबाईनं बूच काढून वास घेतला आणि दोनदा शिंकली. "घासलेट हाय का काय ह्ये?"

"नखाला लावत्यात, बयामावशी. काळं झाकंल. आन नखं बी टोकदार काढ, मडमेसारखी."

"काढते की. पर पयल्याच भाकरीला भोकं पडतील, ती कोन खाईल? तुजी नणंद?"

नंदा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "बगाया आलते तवा मी मूठ झाकून बसलेते, मावशी. हळदीला सासू येनार. तिनं अंगठा बगितला आन खोड काढली, मंग?"

बयाबाईनं बाटलीला बूच लावलं आणि बाजूला ठेवली.

"ऐक. झाकायचं कायबी न्हाई. ह्या मेल्या नखाच्या आडोशाला नवं येतंय, कांद्याच्या पापुद्र्यावानी. आत्ता वढलं तर रगात यील. रोज करंजाचं त्याल लाव. लगीन आलं की मी काढते. नखं गोल काढायची, आन वर मेंदी. कवळ्या नखावर मेंदी लय चढती. बग तू."

तेवढ्यात नंदाची आत्या रतनबाई सरपणाची मोळी टाकून आत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. पदराला हात पुसत, खाली बघत ती म्हणाली, "बया, औंदा हळदीला तुजी सून यिऊ दे."

कोंडाजीला जाऊन एक हिवाळाच झाला होता. बयाबाईच्या मनगटात बांगडी नव्हती. हळदीला नवरीची नखं काढायची ती सवाष्णीनं, हे बयाबाईला काय कुणी शिकवायला हवं होतं? पण तिची सून शालू आत्ता कुठं तळेगावहून नांदायला आलेली. नराणी धरायची ती गवत कापायला विळा धरावा तशी.

"आत्या, शालूवैनी माजं नख उपटंल!" नंदा कळवळली.

"उपटू दे. रीत म्हंजी रीत."

बयाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण ती लुगडं सावरून नीट बसली.

"रतनबाई, पोर नवरी कवा व्हती?"

"हळदीच्या पाटावर बसली म्हंजी."

"आन त्याच्या आदी?"

"त्याच्या आदी काय, पोर."

"मंग पोरीची नखं काढाया मला कंची रीत आडवी येती? आदल्या दिशी मी काढते. डाव्या करंगळीचं तेवडं ठिवते. ते पाटावर माजी सून काढंल. रीत बी व्हईल आन अंगठा बी ऱ्हाईल."

रतनबाईनं पदर तोंडाला लावला. मग तिला हसू आवरेना. "कोंडाजीनं कसा संसार केला असंल गं तुज्यासंगं!"

"गप बसून," बयाबाई म्हणाली.

हळदीच्या आदल्या दिवशी परसात, कलत्या उन्हात, बयाबाईनं नंदाचे हात तांदळाच्या कोमट धुवणात बुडवून ठेवले. मग एकेक नख गोल काढत गेली. अंगठ्याशी आली तेव्हा नंदानं डोळे गच्च मिटले.

"आता काढनार?"

"काढलं की."

जुनं नख चिंचेच्या टरफलासारखं तिच्या तळहातावर पडलं होतं. बयाबाईनं सगळी नखं पानात गुंडाळली आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून कुंपणाच्या करवंदीखाली पुरली. तशी ती दर लग्नाला पुरायची. रतनबाई मेंदी वाटून घेऊन आली आणि कधी नव्हे ती बयाबाईच्या शेजारी मांडी घालून बसली.

हळदीच्या सकाळी बयाबाई मांडवात गेली नाही. गोठ्याजवळ पाण्याच्या रांजणापाशी बसून राहिली. बायकांच्या गर्दीतून तिला शालूचं फक्त कोपर दिसत होतं. ती त्या कोपरावरच नजर लावून होती. ते हललं नाही.

थोड्या वेळानं वरपक्षाच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. नंदाच्या सासूनं तिचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"मेंदी झ्याक चढलीया गं! ह्या अंगठ्यावर तर लयच."

बयाबाईनं रांजणावर झाकण ठेवलं.

शालू मांडवातून धावतच बयाबाईपाशी आली. ओटीत खण, हातात नारळ. "आत्याबाई, येकदाच टक् झालं, नवरीला कळलं बी न्हाई! ह्यो नारळ तुमचा."

"ज्येनं नख काढलं त्येचा नारळ. नराणी आन हिकडं. धार मातर मी लावून देत जाईन."

तिनं दगडावर पाणी शिंपडलं आणि नराणी घासायला लागली. महिनाभर शालूचा हात बसावा म्हणून तिनं स्वतःची बोटं पुढं केली होती. त्यातल्या बहुतेक बोटांना अजून चिंध्या बांधलेल्या होत्या.