शंका आली की थांबणारं यंत्र

मुबशिरा भिगवणच्या मासळी व्यापाऱ्याची लेक. बारामतीच्या एका लहान कंपनीत दोन वर्षं खपून तिनं उसात आपोआप फवारणी करणारं यंत्र घडवलं होतं. त्याच्या संगणकातलं जाळं माणसाच्या मेंदूतल्या पेशींसारखं चालायचं. समोर काही हललं की जागं व्हायचं, आणि ते काय आहे याची खात्री पटली नाही तर यंत्र जागीच थांबायचं.

त्या दिवशी पणदऱ्यात गेणबा तात्यांच्या उसात गिऱ्हाइकांना यंत्र दाखवायचं होतं. सकाळी तपासताना मुबशिराच्या लक्षात आलं, किती शंका आली की थांबायचं, ती मर्यादा कुणीतरी बदलली होती. आता शंका आली तरी यंत्र पुढंच जाणार होतं.

"मीच बदलली," कंपनीचे मालक विजयसिंह म्हणाले. "काल एका सरीत नऊ वेळा थांबलं. सात वेळा तर नुसतं पाचट हललं होतं. लोक हसतील."

"आणि उरलेल्या दोन वेळा, सर?"

"खुरपणाऱ्या बायका होत्या. आज त्यांना बांधावर बसवलंय."

"रोज कोण बसवणार?"

तिनं यंत्राची किल्ली काढून मुठीत धरली. एवढ्यात गिऱ्हाइकं आली.

"किल्ली दे. नोकरी जाईल," विजयसिंह हळू आवाजात म्हणाले.

"जाऊ दे. जुनी मर्यादा लावल्याशिवाय हे हलणार नाही." हे ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

बांधावरून बनाबाई खुरपं घेऊन उठली. "काय झालं गं पोरी?"

मुबशिरानं सरळ सांगितलं.

"म्हंजे आमी सरीत वाकल्यालो आसलो, तरी हे अंगावर येणार?"

"येऊ शकतं, मावशी."

बनाबाई तात्यांकडं वळली. "तात्या, असलं यंत्र उसात आलं तर आमी उसात न्हाय." तिच्यामागं बाकीच्या बायकाही उभ्या राहिल्या.

तात्या विजयसिंहांना म्हणाले, "हुतं तसं लावा. न्हायतर गाडीत घाला."

मर्यादा पूर्ववत झाली. यंत्र निघालं आणि पहिल्याच सरीत चार वेळा थांबलं. चौथ्यांदा समोर काहीच नव्हतं. एक गिऱ्हाईक मोठ्यानं हसलं. मुबशिराचे कान तापले, पण तिनं मान खाली घातली नाही.

"खात्री नव्हती म्हणून थांबलं. हे थांबणं कमी करायला मला वेळ लागेल. तोवर ते थांबणारच."

त्या दिवशी सौदा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामावर गेली. मर्यादा बदलायची तर तिची आणि मालकांची, दोघांची संमती लागेल, अशी सोय तिनं केली आणि विजयसिंहांना सांगूनच केली. त्यांनी दार आपटलं. तिला कामावरून मात्र काढलं नाही. ते जाळं समजणारं दुसरं कुणी त्यांच्याकडं नव्हतं.