तोंडाने श्वास

वेदमूर्ती विनायकशास्त्री, त्यांचे चिरंजीव दामोदरपंत आणि दामोदरपंतांचे चिरंजीव यज्ञेश्वर गुरुजी, या तिघांनाही तोंडाने श्वास घेताना नेवाशात कुणी कधी पाहिले नव्हते. आणि यज्ञेश्वर गुरुजींच्या कन्या अंबिकाबाईंनी दम्याचा पंप दवाखान्याच्या टेबलावर आपटला, तेव्हा त्यांचेही ओठ घट्ट मिटलेले होते.

"दोन महिने ओढते आहे," त्या कडाडल्या. "जिभेवर पांढरे चट्टे उठले. त्यापलीकडे काही नाही."

सिस्टर पंकजाने श्वासाचा जोर मोजणारी फुंकायची नळी पुढे केली. अंबिकाबाईंनी फुंकले. काटा एकशे चाळीसावर अडला.

"आई, आपलं ठरलंय," शेजारी बसलेला मुलगा सुहास म्हणाला. "आज काटा चढला नाही, तर इथलं घर बंद. पुण्याला यायचं."

"ठरवलं तू. मी फक्त ऐकून घेतलं."

चाळीस वर्षे शाळेत आणि त्यानंतर पंधरा वर्षे स्वतःच्या ओसरीवर मुलांचे पाढे घेतलेल्या बाईने पुण्यात पाचव्या मजल्यावर बसून काय लिफ्टची ये-जा मोजायची?

"बाई, एकदा माझ्यापुढं घ्या बरं," पंकजाने सरावाचा, बिनऔषधाचा पंप हातात दिला.

अंबिकाबाईंनी तो हलवला, श्वास सोडला, पंप ओठांत धरून दाबला. छाती फुगली. वडिलांना अभिमान वाटावा इतका वेळ त्यांनी श्वास रोखला. मग तोंड उघडले, तसा वाफेचा पांढरा पुंजका जसाच्या तसा बाहेर पडला.

"तुम्ही नाकानं ओढताय, बाई."

"मग कशाने ओढायचं?"

"तोंडानं! तुमचं औषध तोंडात अन् श्वास नाकातून. मग ते जिभेवरच बसणार."

"आमच्या घरात ती पद्धत नाही."

"फुफ्फुसाला पद्धत कळत न्हाई."

दुसऱ्या खेपेलाही नाकच फुगले. तिसऱ्या खेपेला बाईंनी रागाने तोंडाने ओढले, ते इतक्या जोरात की ठसका लागला.

"असं हिसकायचं नाही. जोरानं ओढलं की थेंब घशावर आपटतात. हळू ओढलं, तर वळणं घेत पार बारीक नळ्यांपर्यंत जातात. मग दहा अंक श्वास धरायचा, तेव्हा कुठं ते तिथं बसतात."

"मला शिकवू नकोस!"

"लई झालं आता," पंकजा पुटपुटली. तिने खरा पंप बाईंच्या ओठांत ठेवला आणि दोन बोटांनी त्यांचे नाक चिमटीत धरले.

सुहास खुर्चीतून अर्धा उठला.

"ओढा. हळू… अजून हळू…" तिने पंप दाबला. "धरा आता. एक, दोन…"

दहाला तिने नाक सोडले. अंबिकाबाईंचे डोळे पाणावले होते; रागानेच असावेत. पंकजाने त्यांना चूळ भरायला लावली आणि वीस मिनिटे बसायला सांगितले.

"तुझे हात फार धीट आहेत," बाई थोड्या वेळाने म्हणाल्या. "माझ्या वर्गात होतीस?"

"पाचवीत. सहादेव ड्रायव्हरची पंकजा."

"ती तोंड उघडं टाकणारी?"

"व्हय, तीच. नाकामागं गाठी वाढल्या हुत्या, बाई. नाकातनं श्वासच येत नव्हता. नववीत ऑपरेशन झालं." हे सांगताना ती केसपेपर लावत होती.

बाईंना तो दिवस आठवला. श्रीरामपूरच्या पाढ्यांच्या स्पर्धेसाठी निवड चालली होती. ही मुलगी एकोणतीसच्या पाढ्यात सहापर्यंत आली आणि तिने तोंडाने श्वास घेतला. 'तोंड मीट. खाली बस.' श्रीरामपूरला दुसरीच मुलगी गेली होती.

"तेव्हा का बोलली नाहीस?"

"तुम्ही तोंड मिटायला सांगितलं होतं."

अंबिकाबाईंनी पदर सारखा केला. वीस मिनिटे झाली, तशी त्यांनी पुन्हा नळीत फुंकले.

काटा एकशे नव्वदच्या पुढे गेला. सुहासने चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"मग… महिनाभर बघू?"

"बघ," त्याच्याकडे न पाहता बाई म्हणाल्या.

पंकजा पुढच्या पेशंटला हाक मारणार, तोच त्यांनी हात वर केला. "थांब. एकोणतीसचा म्हण."

"बाई, बाहेर रांग आहे."

"मी ऐकते आहे."

पंकजाचे हात आपोआप अंगालगत सरळ झाले. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. सुहास दाराकडे पाहत राहिला. साही एकशे चौऱ्याहत्तरला तिचा दम संपला. तिने तोंड उघडून श्वास घेतला आणि चमकून समोर पाहिले.

अंबिकाबाईंचे हात मांडीवर जुळलेले होते. ओठ किंचित विलग होते.

"सत्ते," त्या हळूच म्हणाल्या.

"एकोणतीस सत्ते दोनशे तीन," पंकजा म्हणाली, आणि पार दाहेपर्यंत गेली.