छापीलबुवांचे अदृश्य परीक्षक

त्या दुपारी महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांचे तास होते तेही तिथेच होते, आणि सर आले नाहीत म्हणून मुलं आनंदाने घरी गेली होती. मधल्या टेबलावर लॅपटॉप उघडून छापीलबुवा बसले होते. इतिहासाच्या सरांनी सकाळीच आपला शोधनिबंध त्यांच्या हवाली केला होता. बुवांनी डोळे मिटले, उघडले, एक कळ दाबली आणि पडद्यावर हिरवीगार अक्षरं उमटली: ‘स्वीकृत’.

“आलं!” कुणीतरी ओरडलं. एकाने नकळत हात जोडले.

“मला नको, ज्ञानाला जोडा,” बुवा म्हणाले. “मी फक्त माध्यम.”

बुवांचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. ते एका शोधपत्रिकेचे संपादक होते. पत्रिकेच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’, ‘जागतिक’ आणि ‘प्रगत’ हे तिन्ही शब्द होते, आणि तिला खगोलशास्त्रापासून शिवणकामापर्यंत कुठलाही विषय चालायचा. बढतीला छापील निबंध लागतात आणि नावाजलेल्या पत्रिका ते वर्ष-वर्ष दाबून ठेवतात, त्यामुळे बुवा आले की स्टाफरूमच्या अंगात यायचं.

या गर्दीत एक माणूस असा होता, की त्याचं तिथे असणं शोभत नव्हतं. ते रसायनशास्त्राचे सर. ऊठसूट ‘पुरावा काय?’ असं विचारायचे म्हणून सगळे त्यांना पुरावेसर म्हणत. हातातून राख काढणारे, पाण्याने दिवा पेटवणारे, असे कितीतरी बाबा त्यांनी भर सभेत उघडे पाडले होते. त्यांचा नियमच होता: चमत्कार करणाऱ्याचं सामान वापरायचं नाही, आपलं द्यायचं, आणि पुन्हा करून दाखवायला सांगायचं. या विषयावर ते इतकं बोलत, की घरचे पाहुणे चपला घालूनच ऐकत बसायचे. असे हे पुरावेसर त्या दिवशी टाचा उंचावून, इतिहासाच्या सरांच्या खांद्यावरून, लॅपटॉपच्या पडद्याकडे आशाळभूतपणे बघत होते.

त्यांचंही दुखणं होतंच. तुरटी आणि ब्लीचिंग पावडर यांचं योग्य मिश्रण वापरून टाकीतलं पाणी स्वस्तात कसं शुद्ध करावं, यावर त्यांनी कित्येक वर्षं राबून निबंध लिहिला होता. एका मोठ्या पत्रिकेने तो शंकांची पानंच्या पानं जोडून परत पाठवला. सर संतापले. “यांना रसायनशास्त्र मी शिकवू का?” असं म्हणत त्यांनी पहिलं पान वाचलं, बाकीची कपाटात कोंबली. जगभर शंका काढत फिरणाऱ्या माणसाला स्वतःवरची शंका मात्र नाकाला झोंबली होती.

“बुवा, एवढं लवकर परीक्षण होतं कसं?” त्यांनी विचारलं. तेवढीच जुनी सवय.

“सर, आमचे दोन्ही परीक्षक पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असतात. इथे आपण दमून बसतो तेव्हा ते ताजेतवाने असतात.”

“त्यांची नावं?”

“गोपनीय! लेखकाला परीक्षक दिसत नाही, परीक्षकाला लेखक दिसत नाही. म्हणून तर निःपक्षपातीपणा.”

एखाद्या बाबाने अदृश्य शक्तीचा हवाला दिला असता, तर सरांनी त्याला भाषण ठोकलं असतं. इथे शब्द ‘गोपनीय परीक्षण’ होता, आणि तो त्यांच्याच धंद्यातला. सरांनी मान डोलावली, सेवाशुल्क भरलं आणि निबंध दिला.

दुसऱ्याच दिवशी परीक्षकांचा अभिप्राय आला. सरांनी तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. “‘लेखकाने पाण्याच्या शुद्धीकरणाच्या विषयाला नवे क्षितिज दिले असून प्रत्येक ओळ खोल चिंतनातून आली आहे.’ प्रत्येक ओळ, बरं का!”

बायको लहान मुलांची डॉक्टर होती. दिवसभर रडणारी पोरं ऐकल्यामुळे तिला एका कानाने ऐकण्याची सवय होती. “छान,” ती म्हणाली. “आता प्रत्येक घासात मीठ कमी आहे असं म्हणू नका, जेवा.”

निबंध छापून आला, महाविद्यालयात सत्कार झाला. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी एक प्रत मागून घेतली. सर त्या वेळी हवेतच होते. त्यांनी ती सही करून दिली.

काही दिवसांनी सुटीच्या सकाळी डॉक्टरबाईंनी चहा पिता पिता तो निबंध सहज चाळला. शेवटच्या पानावर त्या थांबल्या.

“अहो, हे लिटरला अडीच ग्रॅम काय लिहिलंय?”

“मात्रा आहे ती. ब्लीचिंग पावडरीची.”

“एवढ्या पावडरीच्या पाण्याने आमच्याकडे फरशी पुसतात. हे प्यायचं पाणी आहे ना?”

“अगं, दोन-दोन परीक्षकांनी तपासलंय. प्रत्येक ओळ खोल—”

आणि सर थांबले. प्रयोगशाळेत सगळं वजन मिलिग्रॅममध्ये केलं होतं. निष्कर्ष टाइप करताना ग्रॅम झाले होते. हजारपट. त्यांनी कपाटातून त्या मोठ्या पत्रिकेची पानं काढली. दुसऱ्याच पानावर कुणा अनोळखी माणसाने विचारलं होतं: ‘निष्कर्षातील मात्रा प्रयोगातील मात्रेशी जुळत नाही. कृपया तपासावी.’ ज्याला सर इतके दिवस शिव्या घालत होते, त्या माणसाने निबंध शेवटपर्यंत वाचला होता.

“याची प्रत कुणाकुणाला दिलीत?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी रेक्टरबाईंना फोन लावला. कुणी उचलला नाही. मग सर घरातल्या कपड्यांवरच स्कूटरवर बसले आणि डॉक्टरबाई मागे.

वसतिगृहाच्या गच्चीवर टाकीचं झाकण उघडं होतं. रेक्टरबाईंनी पदर खोचून पावडरचं पोतं कठड्याशी टेकवलं होतं आणि त्या सुतळी सोडत होत्या.

“थांबा!” सर जिन्यातूनच ओरडले. “टाकू नका! टाकलंत का?”

“नाही अजून. वास फार येतोय हो याचा. पण म्हटलं, तुम्ही लिहिलंय म्हणजे असणार. आम्ही आजवर तीन-चार चमचेच टाकायचो. तुमचं वाचून वाटलं, म्हणूनच पोरींची पोटं बिघडत असतील.”

“ते चूक आहे. चमचेच बरोबर होते.”

रेक्टरबाई गोंधळल्या. “पण सर, छापून आलंय ना?”

सर पोत्यावरच बसले. खालच्या मजल्यावर मुली हसत, भांडत बादल्या भरत होत्या. आजवर ते बाबांच्या भक्तांना ‘डोकं गहाण टाकलेले’ म्हणत आले होते. आपलं डोकं आपण नुसतं गहाण टाकलं नाही, वर शुल्कही भरलं, हे त्यांना त्या पोत्यावर बसून नीट कळलं.

त्याच दिवशी त्यांनी बुवांना फोन करून चूक सांगितली.

“चूक असणं शक्य नाही सर,” बुवा म्हणाले. “परीक्षकांनी ओळ न ओळ पाहिलीय. तरी दुरुस्ती हवीच असेल, तर ती वेगळी सेवा आहे.”

सरांनी फोन ठेवला. “परीक्षक खरंच असतील का गं?” त्यांनी विचारलं.

“मला काय विचारता? तुमचाच नियम आहे ना, आपलं सामान द्यायचं आणि पुन्हा करून दाखवायला सांगायचं?”

मग दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून एक शोधनिबंध रचला: ‘खुर्चीच्या पायांच्या संख्येचा बसणाऱ्याच्या विद्वत्तेवर होणारा परिणाम’. तीन पायांच्या खुर्चीवर माणूस सावध राहतो म्हणून विद्वत्ता वाढते, असा निष्कर्ष डॉक्टरबाईंनी काढला. मधोमध सरांनी स्वच्छ शब्दांत लिहिलं: ‘हे वाक्य कोणी वाचत असेल, तर त्याने हा निबंध कृपया नाकारावा.’

बुवा पुन्हा आले तेव्हा स्टाफरूम तशीच गच्च भरली होती. सरांनी सकाळीच निबंध दिला होता. बुवांनी डोळे मिटले, उघडले, कळ दाबली. ‘स्वीकृत’.

“अभिप्राय वाचा ना,” सर म्हणाले.

बुवांनी खणखणीत आवाजात वाचलं, “‘लेखकाने खुर्चीच्या पायांच्या विषयाला नवे क्षितिज दिले असून प्रत्येक ओळ खोल चिंतनातून आली आहे.’”

इतिहासाचे सर चमकले. “हे तर माझं क्षितिज!”

“माझंही,” पुरावेसर म्हणाले आणि त्यांनी आपला अभिप्राय शेजारी ठेवला. मग निबंधातलं ते मधलं वाक्य मोठ्याने वाचलं. “मजकूर आधीच तयार असतो. त्यात विषयाचं नाव तेवढं भरतात. लेखकाला परीक्षक दिसत नाही, परीक्षकाला लेखक दिसत नाही, आणि निबंध कुणालाच दिसत नाही. परीक्षक नाहीतच. हाच तो चमत्कार.”

“सर, ज्ञानात थोडी श्रद्धा लागते,” बुवा लॅपटॉप मिटत म्हणाले. दारापर्यंत त्यांना कुणी अडवलं नाही. एकाने तर हळूच विचारलं, “या खुर्चीच्या निबंधाचे बढतीला गुण मिळतील का?”

मग सरांनी गच्चीवरची हकिकत सांगितली, स्वतःला जराही न वगळता. हसणारे हळूहळू हसायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी ते प्राचार्यांकडे गेले. “माझ्या बढतीच्या अर्जातून तो निबंध काढून टाका. त्यातली मात्रा घातक आहे, असं सूचना फलकावरही लावतो.”

“अहो, बढती जाईल तुमची!” प्राचार्य कळवळून म्हणाले. “राहू द्या की. असले निबंध वाचतंय कोण?”

“तेच तर साहेब. तपासायला कुणी वाचत नाही. मग एखाद्या रेक्टरबाई वाचतात, खरं मानतात आणि पोतं उचलून टाकीकडे जातात.”

प्राचार्यांनी फाइल उघडली. त्यांनी अर्जातून निबंध काढून सरांच्या हाती दिला.

पुरावेसरांचे कार्यक्रम अजून चालतात. ते राख काढून दाखवतात, पाण्याने दिवा पेटवतात, आणि मग ‘आता भक्त दाखवतो’ असं म्हणून स्वतःकडे बोट करून आपली गोष्ट सांगतात. लोक पोट धरून हसतात. हसून झालं की ते म्हणतात, “बाबा फक्त जटाच वाढवतो असं नाही, तो संपादकही होतो. तुमची स्तुती करणाऱ्याला विचारा, ‘तुम्ही वाचलंत का?’ आणि कुणी तुमच्या कामात चूक काढली, तर आधी रागावू नका, चूक तपासा. मी रागावलो होतो. खाली मुली बादल्या भरत होत्या.”